दर शनिवारची चेन

लवू तुळसकरांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. मोटारसायकलवर बसायचा अनुभव मात्र त्यांना एकोणीस वर्षांचा होता. मागे बसणं म्हणजे नुसतं बसणं, असं ज्यांना वाटतं ते कधी मागे बसलेले नसतात. वळणावर किती कलायचं, खड्ड्यापूर्वी बूड किती उचलायचं, सिग्नलला पाय टेकायचे की चालवणाऱ्यावर सोडायचं, ही सगळी विद्या आहे, आणि तिचं लायसन्स कुठल्याच सरकारी कचेरीत मिळत नाही. तुळसकरांनी ती इसिडोर मिस्किटाच्या मागे बसून कमावली होती.

इसिडोर कांजूर गावातला, कारखान्यात फिटर. तुळसकर राहायला भांडुपला आणि त्याच कारखान्यात स्टोअर्सला. कारखाना विक्रोळीला. ज्यांचा भूगोल कच्चा आहे त्यांच्यासाठी सांगायला हवं की भांडुप, मग कांजूर, मग विक्रोळी अशी ही ठिकाणं ओळीने येतात. म्हणजे कांजूरच्या माणसाला विक्रोळीला जाताना भांडुपचं तोंड बघायचं काही कारण नाही. तरी इसिडोर रोज सकाळी उलटा भांडुपला यायचा, तुळसकरांना मागे घ्यायचा आणि पुन्हा आपल्याच गावावरून विक्रोळीला जायचा. तुळसकरांनी पहिल्या आठवड्यातच त्याला कारण विचारलं होतं. "इंजिन गरम व्हायला लागतं रे," इसिडोर म्हणाला होता. "थंड इंजिनावर लोड टाकायचा नाय." कारण यंत्राचं होतं, सांगणारा फिटर होता, तेव्हा तुळसकरांनी ते मानलं आणि एकोणीस वर्षं मानत राहिले.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. दोघे कांजूरला उतरायचे, इसिडोरची बायको मेबल चहा द्यायची आणि मग अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर चढायची. गाडी जुनी विलायती, चेन उघडी. इसिडोर बुटक्या स्टुलावर बसून रॉकेलचा ब्रश चेनीवर चालवायचा, फडक्याने पुसायचा आणि तेलाच्या कुपीने एकेका कडीवर थेंब सोडायचा. तुळसकर उकिडवे बसून मागचं चाक फिरवायचे. हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. चाक जोरात फिरलं तर तेल भिंतीवर, हळू फिरलं तर एकाच कडीला दोन थेंब आणि पुढची कोरडी. तुळसकरांचा हात त्यात असा बसला होता की ते स्वतःला निम्मे मेकॅनिक समजत. उरलेला निम्मा इसिडोर होताच, त्यामुळे हिशेब पुरा भरायचा.

या कामाची खूण घरी दिसायची. ताजं तेल चालत्या चेनीवरून उडतं, चेन डाव्या अंगाला, त्यामुळे सोमवारी तुळसकरांच्या पँटच्या डाव्या पायावर पोटरीपाशी तेलाची बारीक रेघ उमटायची. त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई दर सोमवारी ती रेघ साबणाने घासायच्या आणि दर सोमवारी म्हणायच्या, "पुढची पँट मी मेबलीकडे धुवूक धाडतलंय." त्यांनी ती कधी धाडली नाही.

आणखी एक नियम होता. गावठाणातली गल्ली अरुंद, घरं एकमेकांना खेटून, ओट्यांवर म्हातारी माणसं. म्हणून गल्लीत इंजिन सुरू करायचं नाही. तोंडाशी क्रूस आहे तिथपर्यंत गाडी ढकलत न्यायची आणि तिथे किक मारायची. इसिडोर हँडल धरायचा, तुळसकर मागून सीटवर हात टेकून रेटायचे. अशा वेळी चेन कुरकुरली की इसिडोरला चारचौघांत लाज वाटायची. "आवाज आला म्हंजी मालक आळशी," तो म्हणायचा.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत इसिडोर गेला. किडनीचं दुखणं होतं, तीन महिने अंथरुणाला खिळून होता. त्या थंडीत त्याच्या टाचा भेगाळल्या तेव्हा तुळसकरांनी घरून भिरंडेल नेलं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, पण दिसायला मेणासारखा घट्ट पांढरा गोळा. कोकणात टाचांना ते पातळ करून लावतात. तुळसकर कारखान्यातून बसने कांजूरला उतरत आणि रोज संध्याकाळी मित्राच्या टाचा चोळत. एके दिवशी इसिडोर डोळे मिटूनच म्हणाला, "झकास हाय रे हे. एकदा चेनीला लाव." "लावतो," तुळसकर म्हणाले. त्यानंतर इसिडोर फारसं बोललाच नाही, त्यामुळे ते बोलणं तुळसकरांच्या मनात जसंच्या तसं राहिलं.

डिसेंबरात एका सोमवारी मेबलने निरोप पाठवून बोलावून घेतलं. घरात खोकी बांधलेली होती. "आयरीन न्यायला येते," मेबल म्हणाली. आयरीन तिची लेक, वसईला दिलेली. "नाताळाच्या आधी घर बंद करायचं. गाडीचं रेमंडने बघितलंय. चारकोपचा कोण शिवदास हाय, रविवारी येईल न्यायला." रेमंड म्हणजे इसिडोरचा पुतण्या, ज्याने चुलत्याच्या आजारपणात दोनदा फोन केला होता. तुळसकरांनी अंगणात जाऊन ताडपत्री उचलली. वर्षभर, त्यात एक अख्खा पावसाळा, गाडी तशीच उभी होती. चेन गंजून विटकरी झाली होती.

"रेमंड बोलला, गॅरेजवाला पाठवतो धुवायला."

"गॅरेजवाला कशाला?" तुळसकरांना हे फार लागलं. "चेन मी करतो."

"तू?" मेबलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू तर चाक फिरवायचास."

"एकोणीस वर्षं समोर बसून बघितलंय, मेबल. कुरकुर न करता गाडी गल्लीतून बाहेर जाईल, हा माझा शब्द."

मेबलने पदराने डोळे टिपले. तुळसकरांनाही रडू आवरेना, म्हणून ते ताडपत्रीची घडी घालत राहिले. गाडी जाणार हे त्यांना कळत होतं. तिला थांबवायचा त्यांना हक्क नव्हता. निदान ती इसिडोरला मान खाली घालायला लावत जाऊ नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मंगळवारी रॉकेल मिळवायचं होतं. घरात डबा होता, पण त्या डब्यावर सुलक्षणाबाईंचा जो पहारा होता तो बँकेच्या तिजोरीवर नसतो. म्हणून तुळसकर रेशन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला कार्ड दाखवा. कार्ड रेशन ऑफिसात अडकलं होतं, कारण मुलगी प्रेमा लग्न होऊन मुलुंडला गेली आणि तिचं नाव कमी करायचं होतं. भांडुपचं ऑफिस म्हणत होतं, मुलुंडला नाव चढल्याचा दाखला आणा, मग इथलं कमी करू. मुलुंडचं म्हणत होतं, भांडुपला कमी झाल्याचा आणा, मग चढवू. गेले आठ महिने प्रेमा सरकारदरबारी कुठेच राहत नव्हती आणि तरीही मुलुंडला सुखाने संसार करत होती.

"रॉकेल हवंय कशाला?" दुकानदाराने विचारलं.

"मोटारसायकलची चेन धुवायला," तुळसकर सरळ माणसासारखे बोलून गेले.

"म्हणजे कार्ड असतं तरी नसतं दिलं. रेशनचं रॉकेल स्वयंपाकाला." मागच्या रांगेने मान डोलावली. पंचवीस वर्षांत एक स्क्रूदेखील सहीशिवाय न सोडलेल्या स्टोअरकीपरला चार माणसांनी असं बघावं, हे तुळसकरांना खपलं नाही. पण खपवून घ्यावं लागलं.

रॉकेल शेवटी श्यामकांत वैद्यांनी दिलं. वैद्य चाळीचे सेक्रेटरी, सचिवालयातून निवृत्त झालेले आणि कुठल्याही विषयात मागे न हटणारे. बाटलीबरोबर सल्लाही आला. रॉकेलने चेन कोरडी पडते, पेट्रोल वापरा. पेट्रोल महाग, डिझेल वापरा. नंतर तेल फक्त शिवणयंत्राचं. "मग रॉकेल कशाला देताय?" तुळसकरांनी विचारलं. "तुम्ही मागितलंत म्हणून," वैद्य म्हणाले. खालच्या मजल्यावरचा बाळा, ज्याचं सायकलचं दुकान होतं, तो हे ऐकून बाहेर आला. "चेनीला खोबरेल, काका. आख्ख्या भांडुपच्या सायकली मी खोबरेलावर चालवतो." भांडुपच्या सायकली इतक्या का कुरकुरतात हे तुळसकरांना त्या दिवशी समजलं.

बुधवारी कामावरून सुटून ते कांजूरला गेले. चेन जिथे जोडलेली असते तिथे एक बोटाच्या पेराएवढी क्लिप असते. इसिडोर ती पक्कडीने चुटकीसरशी काढायचा. तुळसकरांनी स्क्रूड्रायव्हर लावला, जोर केला, आणि क्लिप टिंग आवाज करून उडाली. कुठे उडाली ते त्यांनी पाहिलं नाही, पण त्याच क्षणी मेबलच्या तांबड्या कोंबडीने जमिनीवर चोच मारून काहीतरी गिळलं, हे त्यांनी स्वच्छ पाहिलं.

अंगण झाडून काढलं, गटारात हात घातला, कुंड्यांतली माती उपसली. क्लिप नाही. मेबल ती कोंबडी शेजारणीला देऊन टाकणार होती. आता क्लिप बाहेर येईपर्यंत देता येईना. शेजारीण म्हणाली, मग कापूनच बघा. मेबल म्हणाली, इसिडोरच्या हाताने दाणा खाल्लेली हाय, कापायची नाय. शेवटी कोंबडीला टोपलीखाली कोंडून तिच्यावर नजर ठेवायचं ठरलं. त्या रात्रीपुरती चेन रॉकेलच्या डब्यात भिजत पडली आणि कोंबडी टोपलीत बसून राहिली.

गुरुवारी चेन डब्यातून काढली, घासली, पुसली. गंज बराच गेला. इसिडोर वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी, चेन अशीच पूर्ण काढायचा आणि ग्रीस वितळवून त्यात बुडवून ठेवायचा. सगळ्या कड्यांच्या आत वंगण जातं, वर नुसतं फासून ते आत जात नाही. आता तुळसकरांनाही तेच करायचं होतं, फक्त ग्रीसऐवजी भिरंडेल. इसिडोरने स्वतः सांगितलं होतं. भिरंडेल घरी, आणि मेबलचा स्टो खोक्यात, म्हणून चेन वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून ते बसस्टॉपवर उभे राहिले.

स्टॉपला लागूनच पोलीस चौकी होती. त्या काळी मारामारीला जाणारी पोरं पिशवीतून चेनच न्यायची, हे तुळसकरांच्या कानावर आलेलं नव्हतं. हवालदाराच्या मात्र रोजच्या पाहण्यातलं होतं.

"पिशवीत काय?"

"चेन."

त्यांना आत बाकावर बसवण्यात आलं. "कोणाची?"

"मित्राची."

"मित्र कुठाय?"

"वारला."

हवालदाराने वही ओढली. "कशाने?"

"किडनीने. फेब्रुवारीत."

"आणि चेन कधी काढली?"

"काल."

"इतके दिवस का थांबलात?"

दहा महिने तुळसकर त्या अंगणात फिरकले नव्हते. मेबल काय म्हणेल, गाडी बघून आपलं काय होईल, या धास्तीने ते बसमधून कांजूर आलं की दुसऱ्या खिडकीकडे बघायचे. आणि इसिडोर वारला हे त्यांनी परक्या माणसाला आज पहिल्यांदाच तोंडाने सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. हवालदाराने वही मिटली आणि माठातलं पाणी आणून दिलं.

"चेन घरी नेऊन करणार काय?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"भिरंडेलात बुडवणार."

हवालदार कुडाळकडचा निघाला. "आमची आवस टाचांना लावायची," तो आईची आठवण काढत म्हणाला. "चेनीला लावलेलं कधी ऐकलं नाय, काका. ग्रीस बघा." रेशन दुकानापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना चेनीचं कळत होतं, आणि ज्याला खरंच कळायचं तो नव्हता.

सुलक्षणाबाई त्या दिवशी प्रेमाकडे राहायला गेल्या होत्या. तुळसकरांनी त्यांची लोखंडी कढई स्टोवर ठेवली, डब्यातलं वर्षाचं सगळं भिरंडेल तीत टाकलं, आणि ते वितळल्यावर चेन गोल गोल करून हलकेच सोडली. बारीक बुडबुडे आले. इसिडोर म्हणायचा, बुडबुडे आले म्हणजे हवा निघते आणि वंगण आत शिरतं. तुळसकरांना बरं वाटलं. स्टो विझवून कढई तशीच खिडकीत ठेवली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा ते पडल्या पडल्या झोपले.

डिसेंबरातली पहाट, खिडकी उघडी. शुक्रवारी सकाळी सुलक्षणाबाई परतल्या तेव्हा कढईत पांढरी शुभ्र दगडासारखी चकती होती आणि तिच्या पोटात चेन चकलीच्या वेटोळ्यासारखी रुतून बसली होती. कढई उपडी केली तर चकती अखंड बाहेर आली आणि ओट्यावर घरंगळली. बाळा आणि वैद्य आवाज ऐकून दारात आले. बाळाने चकतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. "काका, ही आता भिंतीला टांगा," तो म्हणाला. वैद्य म्हणाले, मी शिवणयंत्राचं सांगितलं होतं. तुळसकरांनी चकती फोडून चेनीचं एक टोक मोकळं केलं. प्रत्येक कडी वाकताना कट् कट् वाजत होती आणि वाकवली तिथेच अडून राहत होती.

"ह्यां काय केल्यात?" दोघे गेल्यावर सुलक्षणाबाई म्हणाल्या. "वर्साचां भिरंडेल होतां तां. आता माझ्या टाचांका काय लावू? तुमचा इंजिनाचा ऑईल?"

"इसिडोरने सांगितलं होतं."

"कधी?"

तुळसकरांनी सांगितलं. टाचा, संध्याकाळ, डोळे मिटून बोललेलं वाक्य. सुलक्षणाबाई ऐकता ऐकता ओट्याला टेकल्या.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "मस्करी केल्यानी ती."

तुळसकर चकतीकडे बघत राहिले. मस्करीच होती. आता ती त्यांना लख्ख कळली. तिच्यावर हसायला हवं होतं. माणूस दुखण्यात पडल्यापडल्या आपल्याला हसवायला बघतो, आणि आपण "लावतो" म्हणून मान डोलावतो. नंतर त्याने काही सांगायचा प्रयत्नच केला नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की ते कढईजवळच खाली बसले.

सुलक्षणाबाई उठल्या. मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला. "आणा हयसर," म्हणाल्या. दोघांनी मिळून चेन तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, सुकवली. भिरंडेल कड्यांतून निघून पाण्यावर तरंगायला लागलं. ते त्यांनी झाऱ्याने काढून वाटीत भरलं, कारण टाकून कसं द्यायचं. मग बुधवारची पँट भिजत घालायला त्यांनी झटकली, आणि तिच्या खालच्या दुमडीतून क्लिप ठण्णकन फरशीवर पडली. कांजूरला टोपलीखाली दोन दिवस बसलेली कोंबडी निर्दोष सुटली.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर तुळसकरांनी चेन चढवली. तीन तास लागले. क्लिपही बसवली. चाक फिरवून पाहिलं, फिरलं. मेबलने चहा दिला. तो बुटका स्टूल अंगणातच होता, पण तुळसकर त्यावर बसले नाहीत. पूर्वीसारखे उकिडवेच बसले. तेल घालायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की एका हाताने चाक फिरवलं तर दुसऱ्या हातातला थेंब चुकतो, आणि थेंब धरला तर चाक थांबतं. त्यांनी कुपी ठेवून दिली. म्हणाले, उद्या करू.

रविवारी सकाळी शिवदास आला. पस्तिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, चारकोपला त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून चेन पाहिली.

"धुतलीय मस्त. कोणी केली?"

"मी," तुळसकर म्हणाले.

"क्लिप उलटी बसलीय, काका." त्याने खिशातून पक्कड काढली. "बघा, माशासारखी असते. बंद बाजू म्हणजे तोंड, फाटलेली बाजू शेपूट. तोंड चेन पळते तिकडे ठेवायचं, नाहीतर धावताना सुटते." मासा पुढं पोहतो, असं इसिडोर दरवेळी पुटपुटायचा. कोळ्यांकडची काहीतरी म्हण असेल असं समजून तुळसकरांनी त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. शिवदासने मिनिटात क्लिप सुलटी केली. तुळसकरांचा चेहरा उतरला, पण त्याने तिकडे बघितलं नाही, एवढा तो भला होता.

"तेल आहे?"

मेबलने इसिडोरची कुपी आणली. तळाशी थोडं होतं. शिवदास स्टुलावर बसला. "कोणीतरी जरा चाक फिरवा."

तुळसकर पुढे झाले आणि बसले. चाकाला हात लागला तशी बोटांना आपली जागा सापडली. ना जोरात, ना हळू. कडी आली की थेंब, थेंब पडला की पुढची कडी. शिवदासने दोनदा वर पाहिलं.

"हात बसलाय तुमचा, काका."

"एकोणीस वर्षं. दर शनिवारी."

"दर शनिवारी?" शिवदास हसला. "एवढं कशाला? रोजच्या चालण्याला चेनीला महिन्यातून एकदा पुष्कळ झालं. जास्त तेल घातलं तर धूळ धरते उलट."

तुळसकरांचा हात थांबला. "तो फिटर होता," ते म्हणाले. "त्याला माहीत नसणार असं नाही."

"त्याला ठाव होतं," मेबल दारातून म्हणाली. "मीच त्याच्याशी भांडायची. रॉकेलचा वास दर शनिवारी घरात कशाला आणतो, महिन्याने कर म्हणून. तो बोलायचा, शनिवारी लवू येतो ना."

तुळसकरांना सकाळचं थंड इंजिन आठवलं, कांजूरहून उलटं भांडुपला येऊन गरम होणारं. त्यांना वाटायचं, आपण इसिडोरच्या कामाला हात लावतो म्हणून तो आपल्याला मागे बसवतो. काम नव्हतंच. चाक फिरवायची गरज नव्हती आणि एकोणीस वर्षं ते दर शनिवारी फिरत होतं.

"काका, अजून चार कड्या राहिल्यात," शिवदास म्हणाला.

तुळसकरांनी चाक फिरवलं. कुपी रिकामी झाली.

गल्लीत इंजिन सुरू करायचं नाही हे मेबलने सांगितलं. शिवदासने हँडल धरलं, तुळसकरांनी सवयीने मागून सीटवर हात टेकला. ओट्यांवरची म्हातारी माणसं बघत होती. गाडी निघाली, चाकं फिरली, आणि चेनीचा मुळीच आवाज आला नाही. तुळसकर कान देऊन चालत होते. दिलेला शब्द पाळला गेला होता. पाळायला शिवदास लागला होता, पण पाळला गेला होता. क्रूसापाशी मेबलने टाकीवर हात ठेवला, क्रूसाची खूण केली आणि घराकडे वळली.

शिवदासने किक मारली. "बसा, काका. स्टॉपवर सोडतो."

तुळसकरांनी नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण पाय सवयीने उचलला गेला आणि ते बसले. वळणावर कलले, खड्ड्यापूर्वी उठले. पुढची पाठ इसिडोरपेक्षा अरुंद होती. स्टॉप पाच मिनिटांत आला. उतरून त्यांनी शिवदासला सांगितलं, "महिन्यातून एकदा कराल ना?" शिवदास म्हणाला, "करीन." मग गाडी चारकोपच्या दिशेने गेली आणि ट्रकांच्या मागे दिसेनाशी झाली.

घरी आल्यावर त्यांनी पँट बदलून खुर्चीवर टाकली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. सुलक्षणाबाईंनी बादलीत साबणाचं पाणी करून ठेवलं होतं. त्यांनी पँट उचलली, दुमड झटकली, आणि डाव्या पायावर पोटरीपाशी तेलाची बारीक रेघ पाहिली.

"भिजत घाल," तुळसकर खिडकीतूनच म्हणाले. "डाग बसायचा."

"रवांदे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. बादलीत त्यांनी आपल्या दोन साड्या बुडवल्या, आणि पँट न धुता घडी करून कपाटात ठेवून दिली.